आत्यांच्या गवतात फिरलेला पंखा

मित्रांनो, पंखा म्हटले की तुम्ही लगेच मान वर करून छताकडे बघता. जरा खाली बघा. मी पाण्याखालचा पंखा आहे, बोटीला पुढे ढकलणारा. तीन पाती, पितळी अंग, आणि आता वय झालेले. फिरणे हा माझा गुण आणि कोणी थांबवल्याशिवाय न थांबणे हा माझा अवगुण. मी जे केले ते सांगताना आवाज गोड करणार नाही. ज्यांना रक्ताची भीती वाटते त्यांनी मोठ्या माणसाचा हात धरून ऐकावे, पण ऐकावे.

माझा जन्म भट्टीत झाला. जुन्या नळांच्या तोट्या, मोडक्या बिजागऱ्या आणि एक चेपलेला पितळी कर्णा एकत्र वितळवून ओताऱ्याने मला वाळूच्या साच्यात ओतले. थंड झाल्यावर त्याने आठ दिवस कानशीने माझी सालटी काढली. शेवटी धार बघायला त्याने माझ्या पात्यावरून अंगठा फिरवला आणि अंगठा कापला. ओतारी तो तोंडात घालून हसला आणि म्हणाला, "जमलं!" मीही फुशारून गेलो. जन्मल्या जन्मल्या कौतुक झाले की कोणाचेही डोके फिरते, माझे तर सगळे अंगच फिरण्यासाठी केलेले.

मला विकत घेतले दोन भावांनी. धाकटा बोट चालवायचा. सगळा धक्का त्याला 'तुफान' म्हणायचा आणि ते नाव त्याला मनापासून आवडायचे. थोरला इंजिन सांभाळायचा. कमी बोलायचा, हात सतत तेलात. तुफान त्याला दादा म्हणायचा, म्हणून मीही दादाच म्हणतो. नदी जिथे समुद्राला मिळते तिथे आमची बोट या काठावरून त्या काठावर माणसे न्यायची. पूल नव्हता. नर्सबाई, गवंडी, मास्तर, फळवाल्या, कोंबड्यांच्या टोपल्या, सगळे आमच्याच भरवशावर.

धक्क्यावर या भावांची मोठी बहीण बसायची. तिला सगळे ताई म्हणत, तिच्या बापाच्या वयाचे खलाशीसुद्धा. तिच्यामागे एक काळा फळा होता आणि त्या फळ्याचा एकच कायदा होता. ज्या बोटीचा दोर आधी खुंट्यावर पडेल तिचा नंबर पहिला, आणि ती पूर्ण भरल्याशिवाय दुसरीत कोणी पाय ठेवायचा नाही. बोटी होत्या सहा. माणसे भरायची तीन-चार बोटींपुरती. म्हणजे जो मागे राहिला तो रिकाम्या बोटीत टाचा घासत बसला. पलीकडच्या काठावरही हाच कायदा. यांच्या वडिलांनी तो घातला होता आणि ताई तो डोळ्यांत तेल घालून पाळायची. भाऊ असला तरी खडू एक रेघ इकडचा तिकडे व्हायचा नाही.

त्यामुळे आमची प्रत्येक फेरी ही शर्यत होती. तुफानचा खरा वैरी एकच, काळ्या बोटीचा सारंग, म्हणजे ती बोट चालवणारा. त्याला 'कावळा' म्हणत. दोघे एकाच वर्गात शिकले होते आणि एकाच वर्गात नापासही झाले होते. मला बोटीला बसवल्यावर पहिल्याच आठवड्यात आम्ही कावळ्याला अकरा वेळा मागे टाकले. प्रवासी टाळ्या वाजवायचे. एक गवंडी रोज उतरताना म्हणायचा, "काय पंखा आहे राव! उडतोय नुसता!" मला वाटायचे, हेच जगणे.

नदीच्या मुखाशी उथळ पाण्यात एक मोठे गवताळ रान आहे, पाण्याखालचे. खरी वाट त्याला वळसा घालून जायची. पण भरती असली की गवतावरून बोट सरळ काढता यायची आणि सहा मिनिटे वाचायची. त्या गवतात समुद्रगाई चरायच्या. राखाडी, गाईएवढे धूड, तोंडावर राठ मिशा. खलाशी त्यांना आत्या म्हणायचे, कारण त्यांना कसलीच घाई नसायची आणि मधूनच तोंड वर काढून त्या सगळ्यांकडे बघून घ्यायच्या. त्या चरत तिथे नवे गवत फुटायचे, त्या गवतात कोळंबीची आणि माशांची पिल्ले लपायची, आणि त्यांच्यावर दोन्ही काठांची जाळी भरायची. मी आलो तेव्हा तिथे नऊ आत्या होत्या.

पहिली आत्या मी एका सकाळी मारली. ती श्वास घ्यायला वर येत होती आणि आम्ही कावळ्याच्या बोटीला खांदा लावून सुटलो होतो. माझे पहिले पाते तिच्या पाठीत घुसले. दुसऱ्याने तीच जखम फाडली, तिसऱ्याने हाड गाठले. हे सगळे तुम्ही डोळा मिटून उघडेपर्यंत. त्यानंतरही मी थांबलो नाही, पुन्हा पहिले पाते, पुन्हा दुसरे. तिच्या अंगावर जिना कोरावा तशा जखमा मी एका रांगेत काढत गेलो. पाणी आधी पांढरे झाले, मग लाल, मग काळे. ती ओरडली. पाण्याखाली आवाज लांब जातो. बाकीच्या आठ जणींनी तो ऐकला असणार.

बोटीत हादरा बसला. मास्तरांनी विचारले, "काय लागलं हो?"

"ओंडका," तुफान म्हणाला.

मागे लाल पाण्याचा पट्टा पसरला होता. चाळीस माणसांनी तो पाहिला आणि चाळीसही जण म्हणाले, "ओंडकाच असेल." त्या दिवशी आमचा नंबर पहिला लागला.

संध्याकाळी दादा मला साफ करायला पाण्यात उतरला. माझ्या दांड्याला गुंडाळलेली कातडी त्याने सुरीने सोडवली. त्याच्या हाती पांढऱ्या चरबीचा गोळा आला. वर येऊन तो भावाला एवढेच म्हणाला, "ओंडक्याला चरबी नसते रे." तुफानने ऐकले न ऐकल्यासारखे केले. पण दादाही एकटा काही करू शकत नव्हता. हळू जायचे तर नंबर जायचा, नंबर गेला की दोन घरे बसायची.

मग ते चालूच राहिले. कधी मी, कधी कावळ्याचा पंखा, कधी इतर चौघांपैकी कोणी. एकीचे शेपूट मी अर्धे कापले, ती लंगडत पोहत जगली. एकीचे धूड पोट फुगून धक्क्यालाच लागले आणि तीन दिवस कोंबड्यांच्या टोपल्या घेऊन माणसे नाक दाबून तिच्याशेजारून चढली. दोन वर्षांत नऊच्या तीन झाल्या. जाळ्यांतली कोळंबीही कमी झाली, पण तिचा आणि आत्यांचा संबंध कोणी लावला नाही.

सरकारी कचेरीतून एक साहेब आले. त्यांनी गवताच्या कडेने लाल रंगवलेली पिंपे जाड दोरांनी बांधून तरंगत सोडली, 'येथे बोटी सावकाश चालवा' अशी पाटी लावली, भाषण केले, चहा घेतला आणि गेले. आता आमच्या शहाण्यांनी काय केले ऐका. आतापर्यंत गवत नेमके कुठे सुरू होते आणि पाणी कुठे पुरते, याचा अंदाज घेत जावे लागायचे. पिंपांनी ते आयतेच दाखवून दिले. आठवड्याभरात सहाही सारंग पिंपांच्या आतून, पिंपाला घासून वळायला शिकले. कावळा तर म्हणायचा, "साहेब देवमाणूस! शर्यतीच्या खुणा लावून दिल्या!" आत्यांना वाचवायला आलेली पिंपे आम्ही आत्यांवर चालून जायला वापरली. हसू येते ना? मलाही तेव्हा आले होते.

मग तो बाजाराचा दिवस उजाडला. तीनपैकी एका आत्याजवळ तेव्हा पिल्लू होते, नुकतेच गवत चघळायला शिकलेले. म्हणजे ती, ते पिल्लू, अर्ध्या शेपटीची म्हातारी आणि आणखी एक. त्या शेवटच्या एकीला कावळ्याच्या बोटीने त्या सकाळीच चिरडले. आमची बोट खच्चून भरली होती. कावळा बाजूला येऊन भिडला, दोन्ही बोटींच्या कडा कराकरा घासल्या, एका फळवालीची टोपली पाण्यात गेली. "मागं हो!" "तूच हो!" असे ओरडत दोघे पिंपांच्या आत शिरले आणि समोर ती आई होती. ती बुडी मारून गेली असती. पण पिल्लू वर होते, म्हणून तीही वर राहिली.

मी तिच्या बरगड्यांत गेलो. या वेळी बाहेर निघालो नाही. पिंपाचा जाड दोर मला गुंडाळला, तिचे अंग माझ्या आणि सुकाणूच्या मध्ये अडकले आणि इंजिन गुदमरून बंद पडले. कावळा शिट्टी मारत पुढे निघून गेला.

"दादा, सोडव लवकर! गेला तो, गेला!" तुफान ओरडला.

दादा सुरी दातात धरून पाण्यात उतरला. त्या भावांचा एक रिवाज होता. दादा खाली काम करताना तुफानने गिअरला हात लावायचा नाही. काम झाले, अंग बाजूला घेतले, की दादा बोटीच्या तळावर तीन थापा मारणार. मगच इंजिन. दादाने दोर कापला. मग आत्याचे अंग ढकलायला त्याने हात माझ्या पात्यांमध्ये घातला. ती अजून जिवंत होती, मित्रांनो. दादाच्या हाताचा स्पर्श झाला तशी तिने शेपूट आपटले. बोटीच्या तळावर. धप्, धप्, धप्.

तुफानचे डोळे कावळ्याच्या बोटीवर होते. त्याने वाकून पाहिले नाही. त्याने गिअर टाकला.

मी फिरलो. मला दुसरे काही येतच नव्हते. दादाचा डावा हात कोपराखाली मी एका फेऱ्यात तोडला. दोन रक्ते पाण्यात मिसळली आणि मला सांगता आले नसते की कोणते कोणाचे. दादा वर आला तेव्हा ओरडत नव्हता, फक्त नसलेल्या हाताकडे बघत होता. नर्सबाई बोटीतच होत्या. त्यांनी स्वतःच्या ओढणीने दंड आवळून बांधला, नाहीतर तो तिथेच संपला असता. तुफान एकच वाक्य पुन्हा पुन्हा बोलत होता, "थापा आल्या होत्या. तीन थापा आल्या होत्या."

आम्ही धक्क्याला लागलो तेव्हा कावळ्याच्या बोटीवरच्या एकाने, काय झाले ते न कळल्याने, हात उंचावून आरोळी दिली, "पहिला नंबर!" तुफानने आकडीची काठी उचलली आणि सरळ कावळ्याच्या जबड्यावर हाणली. दात फरशीवर पडले. मग दोन्ही बोटींची माणसे एकमेकांवर तुटून पडली. गवंड्याने वल्हे फिरवले, कोणाचा कान फाटला, कोणाची बरगडी मोडली. ज्यांनी माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या होत्या, तेच हात एकमेकांचे गळे दाबत होते. नर्सबाई दादाला घेऊन त्या मारामारीतून वाट काढताना जीव तोडून किंचाळत होत्या, "अरे माणूस मरतोय इथं! सरका!"

तीन दिवस बोटी बंद राहिल्या. चौथ्या दिवशी ताईने सहाही सारंगांना आणि दोन्ही काठांच्या माणसांना धक्क्यावरच्या शेडमध्ये बोलावले. कावळा आला, जबडा बांधलेला. तुफान आला, कोणाच्या तोंडाकडे न बघता. इस्पितळातून दादाही आला. डॉक्टर नको म्हणत असताना आला.

"मारलं कोणी?" ताईने विचारले. "आत्यांना, आणि याच्या हाताला?"

"मी," तुफान खाली बघून म्हणाला.

"तू गिअर टाकलास," ताई म्हणाली. "पण वीस वर्षं मी रोज सकाळी या फळ्यावर लिहितेय, पहिला कोण. धावायला मी लावलं तुम्हाला. बाबांनी कायदा केला तेव्हा वल्ह्याच्या होड्या होत्या. इंजिनं आली, पंखे आले, आणि मी आपली तोच खडू धरून बसले. अक्कल गहाण ठेवली होती मी."

असे म्हणून तिने पदराने फळा पुसला आणि सहा बोटींची नावे एकाखाली एक लिहिली. "उद्यापासून पाळी. याच क्रमाने. कोणी उडत आला तरी आपल्या पाळीलाच भरणार. पलीकडेही हेच."

कावळा जबड्यातून कसाबसा बोलला, "मग जोरात जाऊन उपयोग काय?"

"काहीच नाही," दादा म्हणाला. त्या दिवशीचे त्याचे ते पहिले शब्द. "तेच तर पाहिजे."

कुरकुर झालीच. कोणी म्हणाले, आळशी बोटीला बसल्या जागी माणसे मिळतील. कोणी म्हणाले, चार जनावरांसाठी एवढे कशाला. तेव्हा एका जाळेवाल्या म्हाताऱ्याने कोळंबीचे सांगितले. गवत आहे तर पिल्ले आहेत, आत्या आहेत तर गवत आहे. "गेल्या साली या दिवसांत माझं जाळं उचलत नव्हतं. आता एका हातानं उचलतो," तो म्हणाला आणि मग दादाकडे नजर जाऊन ओशाळला. मग सगळे कामाला लागले. पिंपे काढून सारंगांनी स्वतःच्या हाताने लांब, गवताच्या पार बाहेर बांधली. आणि प्रवाशांनी आपल्यावर एक काम घेतले. आत्या दिसेल त्याने "आत्या!" अशी हाक मारायची, हाक आली की इंजिन बंद, आणि उशीर झाला म्हणून कोणी तोंड वाकडे करायचे नाही.

तिसऱ्याच दिवशी एका पठ्ठ्याने जुन्या सवयीने बोट गवतावरून घातली. पोचला सगळ्यांच्या आधी, आणि पाळी येईपर्यंत धक्क्यावर अर्धा तास माश्या मारत बसला. त्याची लोकांनी इतकी टिंगल केली की तो पुन्हा तिकडे वळला नाही. साहेबांच्या पाटीने जे झाले नाही ते या टिंगलीने झाले.

पिल्लू वाचले होते. ते अर्ध्या शेपटीच्या म्हातारीला चिकटून राहायचे. आता त्या रानात दोघेच. मी खालून त्यांचा आवाज ऐकायचो आणि मनात म्हणायचो, माझ्याकडे येऊ नका रे. पितळाला याहून जास्त काय करता येते?

आणि एका दुपारी ते आले. ओहोटी जोरात होती. आमची बोट दगडी बांधाजवळून चालली होती, चाळीस माणसे, त्यांत नर्सबाई. दादा आता इंजिनावर नसायचा, बोटीच्या पुढच्या टोकाला बसायचा. त्याने एकदम हात वर केला. "आत्या! आत्या!" म्हातारी बाजूला होती, पिल्लू थेट आमच्याखाली. मला ते दिसत होते, एक वीत अंतरावर, मिशा फुटलेले तोंड.

तिथे इंजिन बंद करणे म्हणजे बोट ओहोटीच्या हवाली करणे, आणि ओढ सरळ बांधाकडे होती. कोणीतरी ओरडले, "नको रे, दगड आहेत!" तुफानने वाकून पाहिले. मग त्याने इंजिन बंद केले.

मी थांबलो. पिल्लू माझ्या दोन पात्यांच्या मधून अंग चोरून गेले. तिथेच दादाचा हात होता त्या दिवशी. बोट आडवी झाली, वाहत निघाली. लोकांनी जीव मुठीत धरून बाके पकडली. दादाने एका हाताने नांगर टाकला, तो घसरत गेला. मग मी दगडावर आपटलो. असा आवाज झाला की धक्क्यावर ताई उभी राहिली. माझे एक पाते मुळापासून तुटून तळाला गेले. आयुष्यात पहिल्यांदा मार मला बसला होता, आणि मित्रांनो, मला बरे वाटले.

बोटीला भोक पडले, पाणी आत यायला लागले. कावळ्याची पाळी नव्हती, तरी तो धावून आला. आपली बोट आमच्या कडेला लावून त्याने एकेकाला ओढून घेतले. शेवटी तुफान राहिला. कावळ्याने हात पुढे केला. तुटक्या दातांतून म्हणाला, "ये रे बाबा. आज तू हरलास, मी हरलो, चल." तुफान त्याच्या खांद्यावर डोके ठेवून सगळ्यांसमोर हमसून हमसून रडला. चाळीस माणसे होती. या वेळी कोणीही ओंडका म्हणाले नाही.

आता मी शेडच्या कोपऱ्यात पडून असतो. बोटीला नवा पंखा बसला, दादाने त्याच्याभोवती लोखंडी सळ्यांचा पिंजरा करून घेतला. शाळेची मुले येतात, माझ्या तुटक्या कडेवरून हात फिरवतात आणि त्यांच्या बाई सांगतात, ही जुनी वस्तू जपायला हवी. मला जपू नका, बाळांनो. पितळ पुन्हा ओतता येते. मी मारलेल्या आत्या पुन्हा ओतता येत नाहीत. आणि हेही ऐका. माझ्या बोटीत वाईट माणूस एकही नव्हता. एक चुकीचा कायदा होता आणि तो पाळणारी सगळी भली माणसे होती. तुमच्या गावात, तुमच्या शाळेत, तुमच्या कारखान्यात कोणता कायदा कोणाला कोणाच्या अंगावर धाडतो आहे, ते शोधा. सापडला की सगळे एकत्र बसा आणि आधी तो पुसा.

ती बोट अजून चालते. पुढच्या टोकाला दादा बसतो. पाण्यात राखाडी पाठ दिसली की तो त्याचा उरलेला हात वर करतो, इंजिन बंद होते आणि बोट तशीच तरंगत राहते. कधी दोन मिनिटे, कधी वीस. कधी तुम्ही त्या बोटीत बसलात आणि तो हात वर झालेला दिसला, तर मित्रांनो, घड्याळ बघू नका.